तीन सामने, तीन गोल





या शाळेत आम्ही हिंदीचे शिक्षक म्हणून रुजू झालो, त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. आमचा जन्म महूचा. घरात मराठी, पण शाळा आणि कॉलेज दोन्ही हिंदी माध्यमात झाले. त्यामुळे चार माणसांसमोर बोलायला उभे राहिलो की हिंदी शब्द न बोलावता येऊन बसतात. पहिल्याच पालकसभेत "आपल्या मुलांना आम्ही उत्तम शिक्षा देऊ," असे आश्वासन आम्ही मोठ्या उत्साहाने दिले होते. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पालक आधी एकमेकांकडे पाहू लागले आणि मग सगळी सभा हसली. जुने पालक तो किस्सा अजून सांगतात, आणि आम्हीही हसतो. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या हातून अशीच एक चूक झाली, तिच्यावर मात्र हसता आले नाही. ती आज लिहायची आहे.

त्या वर्षी आपला हॉकीचा संघ आंतरशालेय स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. समोर शेजारच्या कन्नड माध्यमाच्या शाळेचा संघ होता. सामना बरोबरीत चालला होता. शेवटची काही मिनिटे उरली असताना एक साधा, फारसा जोर नसलेला फटका आला आणि चेंडू आपल्या गोलरक्षकाच्या दोन्ही पॅडच्या मधून आत गेला. एक-शून्य. ढाल गेली. गोलरक्षक नववीतला मुलगा. पॅड त्याच्या मापाचे नव्हते. वरच्या वर्गातल्या मुलांनी वापरून झालेले, दोरीने बांधलेले होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही संघाचे कौतुक केले. गोलरक्षकाचे विशेष कौतुक करावे म्हणून म्हणालो, "आपल्या गोलरक्षकाने तर पुष्कळ चेष्टा केली, पण अखेर गोल झालाच." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत तिचा अर्थ काय, हे पंचवीस वर्षांनी तरी आम्हांला सुचायला हवे होते. रांगांमधून हसू फुटले. आम्हांला वाटले, मुले खेळकरपणे हसत आहेत. तिसऱ्या रांगेत एक मुलगा मान खाली घालून उभा होता, तो आम्हांला दिसला नाही.

तो चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आमच्या एका सहकारी शिक्षिकेने हळूच सांगितले, "सर, तुम्ही त्याची चेष्टा केलीत असं मुलांना वाटलंय." तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, आई घरी विड्या वळते. सुपात विड्यांची पाने आणि तंबाखू तशीच ठेवून ती उठली. म्हणाली, "सर, चार दिवस झालं, पोरगं धड जेवंना झालंय. गोल झाला म्हणून न्हवं. सर सगळ्यांसमोर चेष्टा केलं म्हणतंय." मुलगा भिंतीला टेकून बसला होता. आम्ही त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि आधी त्या शब्दाचा खुलासा केला. त्याने ऐकून घेतले, पण चेहरा उजळला नाही. शब्दाची चूक समजली तरी गोल तर झालेलाच होता. तेव्हा आम्ही त्याला एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट आम्हांला बेळगावात मिळाली, आणि ती मिळाली त्याची आम्हांला थोडी लाजही वाटते.

आम्ही नवीन होतो तेव्हाचा प्रसंग. एक निवृत्त सुभेदार नातवाला शाळेत सोडायला येत. आमचे गाव महू म्हटल्यावर ते एकदम ताठ उभे राहिले. "महू! म्हणजे शंकर लक्ष्मण साहेबांचं गाव!" आम्ही विचारले, "कोण शंकर लक्ष्मण?" सुभेदारांनी आमच्याकडे जे पाहिले, ते आजही आठवते. कॉलेजसाठी आम्ही वर्षानुवर्षे महूहून इंदूरला मीटरगेजच्या गाडीने रोज जात होतो. ज्या गावातून आम्ही रोज स्टेशन गाठत होतो, त्या गावाचा माणूस भारताचा एक थोर गोलरक्षक होता. त्याचे नाव आम्हांला शेकडो किलोमीटर दूर, दुसऱ्या राज्यात, एका सुभेदाराच्या तोंडून कळावे!

सुभेदारांना ते नाव ठाऊक असण्याचे कारण साधे आहे. शंकर लक्ष्मण मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. या पलटणीचे केंद्र 1922 पासून बेळगावात आहे, हे आपल्याकडच्या मुलांना सांगायला नको. शंकर लक्ष्मण यांचा जन्म 1933 सालचा. 1947 मध्ये ते बँडमध्ये भरती झाले. आधी फुटबॉल खेळत, मग हॉकीकडे वळले आणि गोलमध्ये उभे राहिले. पुढे कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचून ते निवृत्त झाले.

आता सामने. 1956, 1960 आणि 1964 या तिन्ही ऑलिम्पिकच्या हॉकीत अंतिम सामना त्याच दोन संघांत झाला, भारत आणि पाकिस्तान. आणि तिन्ही वेळा भारताच्या गोलमध्ये शंकर लक्ष्मण होते.

पहिला सामना मेलबर्नला, 6 डिसेंबर 1956 रोजी. त्या स्पर्धेत भारताने 38 गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. अंतिम सामना रणधीरसिंग जेंटल यांच्या गोलवर एक-शून्य असा जिंकला. त्याच दिवशी महूत जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. त्याच्या महिनाभर आधी, 1 नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचनेत आपला बेळगाव-निपाणी भाग म्हैसूर राज्यात गेला होता. त्या दिवसाविषयी इथल्या घराघरांत बोलले जाते, म्हणून त्यात आम्ही शिरत नाही. एवढेच की तो डिसेंबर इथल्या लोकांना सोपा नव्हता.

दुसरा सामना रोमला, 9 सप्टेंबर 1960 रोजी. 1928 पासून भारत ऑलिम्पिकमध्ये हॉकीचा एकही सामना हरलेला नव्हता. पाकिस्तानच्या नसीर अहमद यांनी पूर्वार्धातच गोल केला. तो फिटला नाही. शून्य-एक. सलग सहा सुवर्णपदकांची साखळी तिथे तुटली. ती तुटली तो चेंडू शंकर लक्ष्मण यांच्या मागच्या जाळीत होता.

तिसरा सामना टोकियोला, 23 ऑक्टोबर 1964 रोजी. उत्तरार्धात पाकिस्तानच्या बचावपटूच्या पायाला चेंडू लागला, भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलाल यांनी गोल केला. त्यानंतर पाकिस्तानने हल्ल्यामागून हल्ले चढवले. शंकर लक्ष्मण यांनी एकही आत जाऊ दिला नाही. पुन्हा एक-शून्य, सुवर्णपदक परत आले. आणि त्या विजयी संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटीलही होते.

म्हणजे आठ वर्षांत तीन अंतिम सामने आणि तिन्ही मिळून गोल फक्त तीन. त्या काळी गोलरक्षकाच्या डोक्याला हेल्मेट नसे, तोंडावर जाळी नसे. पायाला पॅड एवढेच काय ते संरक्षण.

मुलगा ऐकत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "सर, रोमला गोल झाल्यावर त्यांनाच परत का उभं केलं?"

प्रश्न सरळ होता. आम्ही म्हणालो, "चांगला गोलरक्षक एका गोलामुळे वाईट होत नाही, म्हणून. आणि तेही परत उभे राहायला तयार होते, म्हणून." आईने ताटात भाकरी वाढली. तो जेवायला बसला. आम्हीही दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आम्ही सगळ्या शाळेसमोर त्या मुलाची माफी मागितली. चेष्टा या शब्दाचे दोन अर्थ फळ्यावर लिहून दाखवले. मुख्याध्यापकाने मुलाची माफी मागावी का, यावर स्टाफरूममध्ये दोन मते झाली. आमचे मत असे की चूक चारचौघांत झाली, तर ती दुरुस्तही चारचौघांतच व्हायला हवी.

गोष्ट इथे संपत नाही. गेल्या वर्षी आपला एक माजी विद्यार्थी सुटीवर आला होता. तो कॅनडात नोकरी करतो. तिथे लोकांना बर्फावरच्या हॉकीचे वेड. चेंडूऐवजी रबराची जाड चकती, पायांत बर्फावर घसरायचे स्केट्स. पण आम्हांला नवल वाटले ते तिथल्या स्पर्धेच्या रीतीचे. त्यांच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये बाद फेरीत एका सामन्यावर कुणी बाद होत नाही. त्याच दोन संघांत जास्तीत जास्त सात सामने होतात, आधी चार जिंकेल तो पुढे जातो. 2024 च्या अंतिम फेरीत फ्लोरिडाने एडमंटनविरुद्ध पहिले तीन सामने जिंकले. सगळ्यांना वाटले, संपले. मग एडमंटनने पुढचे तीन जिंकले! सातवा सामना फ्लोरिडाने दोन-एक असा जिंकून स्टॅन्ले कप घेतला. तरी बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव झाला तो हरलेल्या एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडचा. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले आणि पुन्हा फ्लोरिडा जिंकला. 1942 साली टोरांटोने मात्र शून्य-तीन अशा पिछाडीवरून डेट्रॉइटविरुद्ध चार सामने जिंकून कप नेला होता. आणि मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांशी हस्तांदोलन करतात. आठवड्या-दोन आठवड्यांत एकमेकांचे धक्के खाल्लेले, टाके पडलेले गडी एकेकाशी हात मिळवतात.

हे ऐकताना आमच्या मनात तोच विचार येत राहिला. आपल्या मुलांना आपण दुसरा सामना देतो का? दहावीची परीक्षा, स्पर्धा, सगळे एकदाच. एका दिवशी एक चेंडू पायांमधून गेला की मुलावर शिक्का बसतो. रोमनंतर टोकियो असते, हे त्याला सांगायचे कुणी?

म्हणून आम्ही त्या कन्नड शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायला गेलो. चहा झाला. बोलता बोलता आमची चेष्टेची फजिती सांगितली. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "सर, कन्नडमध्येही चेष्टे म्हणजे खोडीच. आणि शिक्षे म्हणजे दंडच. तुमचं हिंदी तेवढं वेगळं!" आम्ही दोघेही थोडा वेळ हसत राहिलो. या भागात मराठी आणि कन्नड यांच्यात काय काय वेगळे आहे, हे सतत ऐकायला मिळते. या दोन शब्दांपुरत्या तरी त्या दोन्ही एका बाजूला होत्या आणि आम्ही एकटे दुसऱ्या बाजूला.

त्या चहावर ठरले ते असे. दोन्ही शाळांच्या हॉकी संघांत दरवर्षी तीन सामन्यांची मालिका खेळायची. एक त्यांच्या मैदानावर, एक आपल्या मैदानावर, तिसरा पंचायतीच्या मैदानावर. तीनही सामने खेळायचेच, निकाल आधी लागला तरीही. शेवटी दोन्ही संघांनी रांगेत उभे राहून हात मिळवायचे.

पहिली मालिका गेल्या हिवाळ्यात झाली. आपण पहिला सामना हरलो, दुसरा जिंकलो, तिसरा हरलो. मालिका त्यांची झाली. आपला तोच गोलरक्षक, आता दहावीतला, तीनही सामन्यांत उभा होता. तिसऱ्या सामन्यात त्याच्यावर दोन गोल झाले. सामना संपल्यावर तो पॅड न सोडताच रांगेत जाऊन उभा राहिला. समोरच्या गोलरक्षकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून कन्नडमध्ये काहीतरी सांगितले. हा हसला आणि कन्नडमध्येच उत्तर दिले. काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही.

जाता जाता विश्वस्त मंडळींना एक विनंती. गोलरक्षकासाठी मापाचे पॅड, हातमोजे आणि हेल्मेट असा एक संच या वर्षी घ्यावा. शंकर लक्ष्मण हेल्मेटशिवाय खेळले, हे कुणी कारण म्हणून सांगू नये. मैदानावर वर्गखोल्या बांधण्याचा विचार चालू आहे, त्यात गोलच्या दोन खांबांपुरती तरी जागा राखावी. पालकांना एवढेच सांगणे की मूल हरून घरी आले तर आधी जेवायला वाढावे, मग विचारपूस करावी.

कॅप्टन शंकर लक्ष्मण 29 एप्रिल 2006 रोजी महूत वारले. ती बातमी आम्ही इथे, बेळगावच्या वर्तमानपत्रात वाचली. आपल्या गावच्या या माणसाच्या घरी जाऊन एकदा नमस्कार करायचा राहून गेला. म्हणून मुलांनो, आपल्या गावात कोण राहते, हे विचारत चला. उशीर करू नका.

आपला,
मुख्याध्यापक