गूळ, पेठ आणि पत

राजधानी हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे राजवाडा, नगारखाना, वेशी आणि बुरूज उभे राहतात. कोल्हापूरच्या बाबतीत तर हे विशेषच खरे. येथे येणारा पाहुणा अंबाबाईचे मंदिर आणि जुना राजवाडा पाहतो, रंकाळ्यावर फेरफटका मारतो, नव्या राजवाड्यातील संग्रहालय बघतो आणि समाधानाने परततो. या राजधानीचा पैसा कोठे राहत असे, तो तेथे कसा आला आणि राज्य गेल्यावर त्याचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. धर्मग्रामाच्या कामानिमित्त आम्ही या शहरात काही वर्षे काढली. शाळेची फी भरणे, बांधकामाचे धनादेश वटवणे, वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची चौकशी करणे, अशा कामांसाठी शाहूपुरीच्या गल्ल्यांतून आमचे पुष्कळ जाणे-येणे झाले. त्या जाण्या-येण्यातूनच हा प्रश्न आमच्या मनात घर करून बसला.

कोल्हापूर राजधानी झाले ते १७८२ साली. तोवर करवीरच्या छत्रपतींची गादी पन्हाळ्यावर होती. गडावरची राजधानी संरक्षणाला चांगली, पण व्यापाराला अडचणीची. गादी खाली आली आणि देवस्थानाभोवतीच्या जुन्या वस्तीला राजधानीचे रूप आले. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार अशा वारांच्या नावांच्या पेठा नांदू लागल्या. सोन्याचांदीचा व्यवहार गुजरीत चाले. बँक हा शब्द तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. पैसा राहत असे तो सावकाराच्या तिजोरीत, सराफाच्या पेढीवर आणि देवघराच्या कोनाड्यात. कर्ज हवे असेल तर दागिना किंवा जमिनीचा तुकडा गहाण ठेवावा लागे. सावकार ऋणकोला पुरता ओळखीत असे; त्याचा बाप, त्याचा बैल, त्याची विहीर सारे त्याला माहीत. मात्र त्याची वही ऋणकोला वाचता येत नसे. या दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात, कारण पुढची सारी कथा त्यांच्याभोवतीच फिरते.

ही चौकट मोडली ती आगगाडीने. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. तीन वर्षांनी, १८९४ मध्ये, शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि १८९५ साली जुन्या शहराबाहेर, जयंती नाल्याच्या पलीकडे, स्टेशनच्या बाजूला त्यांनी एक नवी व्यापारी पेठ वसवली. तीच शाहूपुरी. जुन्या शहरातील पेठांना वारांची आणि गल्ल्यांना जातिव्यवसायांची नावे होती. येथे मात्र पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली असे नुसते आकडे. आम्हाला या आकड्यांत एक नवा विचार दिसतो. कुंभार गल्लीत कुंभारानेच राहावे असा संकेत असतो; तिसऱ्या गल्लीत मात्र ज्याच्याजवळ माल आहे आणि शब्द पाळण्याची वृत्ती आहे, त्या कोणालाही दुकान मांडता येते.

पेठ वसली ती गुळासाठी. पंचगंगा आणि भोगावतीच्या काठचा ऊस, गावोगावची गुऱ्हाळे, रात्रंदिवस पेटणारी चुलवाणे आणि काहिलीतला रस नेमक्या क्षणी उतरवणारा गुळव्या, या साऱ्यांच्या श्रमाचा शेवट गुळाच्या रव्यात होई. हे रवे बैलगाड्यांतून शाहूपुरीत येत आणि तेथून आगगाडीने दूरवर, विशेषतः गुजरातेत जात. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे होण्याची प्रथा कोल्हापूरने आजही सांभाळली आहे.

आम्ही एकदा मुद्दाम सौदे पाहावयास गेलो होतो. शेतकऱ्यांचे रवे रांगेने मांडलेले असतात. व्यापारी रंग पाहतो, टणकपणा पाहतो, कडेचा कण मोडून जिभेवर ठेवतो. बोली पुढे सरकते आणि काही क्षणांत एका कुटुंबाच्या वर्षाचा भाव ठरतो. शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये उभा असतो तो अडत्या. खरेदीदार पैसे सवडीने देतो; शेतकऱ्याला मात्र लगेच हवे असतात. अडत, हमाली आणि तोलाई वजा करून अडत्या त्याच्या हाती पट्टी देतो, आणि खरेदीदाराकडून येणे नंतर वसूल करतो. पुन्हा हंगामापूर्वी खत, मजुरी किंवा घरचे लग्न यासाठी शेतकऱ्याला उचल देणाराही तोच. म्हणजे गुळाच्या प्रत्येक अडत-दुकानात एक लहानशी बँकच दडलेली होती, मग तिच्यावर पाटी असो वा नसो.

पैशाची पेठ ही नेहमी अशीच, एखाद्या मालाच्या पोटातून जन्माला येते. मुंबईत पूर्वी जेथे कापसाच्या गासड्यांचे ढीग रचले जात, त्या मैदानाच्या जागी १८६० च्या दशकात एल्फिन्स्टन सर्कल आखले गेले. तेच आजचे हॉर्निमन सर्कल. शेअर बाजार आणि रिझर्व्ह बँक तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. मुंबईच्या त्या भागाला कापसाने जन्म दिला, कोल्हापूरच्या या पेठेला उसाने.

पण अडत्याच्या उचलीला एक काटाही होता. ज्याची उचल घेतली त्याच्याच दुकानी माल घालावा लागे आणि भावाबद्दल फारसे बोलता येत नसे. सावकाराची वही बंद होती, अडत्याची अर्धीच उघडी. या गाठीतून सुटण्याचा मार्ग सहकाराने दाखवला. हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ साली आला, दुसरा १९१२ मध्ये. आणि १९१३ साली कोल्हापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. त्याच सुमारास भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम चालू होते. ते महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही, परंतु पाणी, ऊस, गूळ आणि पत ही एकच साखळी आहे, हे त्यांनी ओळखले होते. विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी शहरात जी वसतिगृहे निघाली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक होते. जमाखर्च लिहिणारी आणि वाचणारी पिढी तयार झाल्यावाचून सभासदांची बँक चालत नाही. म्हणून ही वसतिगृहेही आम्ही या पेठेच्या पायाचेच दगड मानतो.

येथे आम्हाला आमच्या मूळ गावाची आठवण होते. वसईत १९१८ साली एका धर्मगुरूंच्या पुढाकाराने पतसंस्था निघाली, तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून नावारूपाला आली. आमचे वडील केळी आणि पानवेलीची वाडी करीत. सावकाराच्या दारी जाताना ते पायताणे बाहेर काढीत. बँकेत जाताना मात्र धुतलेला सदरा घालून ताठ मानेने जात, कारण तेथे ते भागधारक होते. लहानपणी या फरकाचा अर्थ आम्हाला उमगला नव्हता, पण तो डोळ्यांत मात्र राहिला. गरिबांना हलक्या व्याजाने कर्ज मिळावे म्हणून फ्रान्सिस्कन संन्याशांनी इटलीतील पेरूजा शहरात १४६२ साली संस्था काढली होती, हे पुढे सेमिनरीत वाचले, तेव्हा वडिलांचा तो सदरा आम्हाला पुन्हा दिसला.

कोल्हापुरात पेठ वाढत गेली. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत लक्ष्मीपुरीची पेठ गजबजली. १९३८ साली जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. ऑगस्ट १९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, सांगलीचे बाबगोंडा पाटील आणि कोल्हापूरचे गंगाप्पा चौगुले यांनी रत्नाकर बँक स्थापन केली. तिच्या शाखा दोनच, एक कोल्हापुरात आणि एक सांगलीत. या पट्ट्यातील लहान व्यापारी आणि कारखानदार हे तिचे ग्राहक. १९४५ साली बाजार समिती आली आणि सौद्यांना नियमांची चौकट मिळाली.

मग १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दीडशेहून अधिक वर्षांची राजधानी एका दिवसात जिल्ह्याचे ठिकाण झाली. हिंदुस्थानातील कितीतरी संस्थानी राजधान्या विलीनीकरणानंतर निस्तेज झाल्या. दरबार गेला, मानकरी गेले आणि बाजारही मंदावला. कोल्हापूर मात्र थांबले नाही. याचे कारण आमच्या मते असे, की येथला पैसा दरबाराच्या आश्रयावर उरलेला नव्हता. राजाने पेठेला जागा दिली, पण पत दिली नव्हती. ती अडत्याने, शेतकऱ्याने आणि सभासदाने आपसांत निर्माण केली होती. जागा हुकुमाने देता येते. पत अशी देता येत नाही, ती वर्षानुवर्षे वेळेवर फेड करूनच मिळते. म्हणून राज्य खालसा झाले तरी पत खालसा झाली नाही. पुढे साखर कारखाने, दूध संघ, उद्यमनगरातील यंत्रशाळा आणि ओतकामाचे कारखाने उभे राहिले, ते याच भांडवलावर.

गुळाचा बाजार पुढे शाहूपुरीतून प्रशस्त मार्केट यार्डात गेला. ज्या गल्ल्यांत गुळाचा वास दरवळे, तेथे बँका, विमा कंपन्या, हिशेबनीसांची कार्यालये आणि हॉटेले आली. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु ऊस कारखान्यांकडे वळल्याने गुऱ्हाळे कमी होत गेली आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी नाल्यातून मागे फिरून शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या सखल भागात शिरले. ओसरल्यावर एका ओळखीच्या दुकानदाराने भिजलेल्या खतावण्या गच्चीवर वाळत घातलेल्या आम्ही पाहिल्या. कपाटे, पंखे, गालिचे सारे वाहून गेले होते. त्याने आधी वाचवल्या त्या वह्या.

दरम्यान पेठेतल्या बँकेने फार मोठा पल्ला गाठला. १९५९ साली रत्नाकर बँक अनुसूचित बँक झाली. २०१० नंतर तिने महानगरांकडे मोहरा वळवला. २०१४ साली तिचे नाव आरबीएल बँक झाले आणि २०१६ मध्ये तिचे भाग शेअर बाजारात आले. कारभार मुंबईतून चालू लागला, तरी नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता शाहूपुरीची पहिली गल्ली हाच राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडी या बँकेने तिचा मोठा हिस्सा सुमारे तीन अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला. गुळाच्या पेठेतील लहान व्यापाऱ्यांना कर्ज देण्यासाठी निघालेली संस्था इतकी मोलाची ठरावी, याचा कोल्हापूरकरांना अभिमान वाटला तर नवल नाही. तरीही एक विचार मनात येतोच. दूरच्या बँकेची वही उघडी असते, तिचे ताळेबंद कोणालाही वाचता येतात. पण ती आता तुमच्या बापाला आणि विहिरीला ओळखत नाही. सावकाराकडे ओळख होती, हिशेब नव्हता. येथे हिशेब आहे, ओळख नाही. सहकाराची सारी थोरवी ही की त्याने या दोहोंचा संसार मांडला.

तो संसार मोडतो तेव्हा काय होते, हेही आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या धर्मग्रामातील एका सेवानिवृत्त परिचारिकेने आयुष्याची पुंजी एका तालुक्याच्या पतसंस्थेत ठेवली होती. एके दिवशी संस्थेचे दार उघडलेच नाही. आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘फादर, व्याज दोन टक्के जास्त होतं. आणि चेअरमन ओळखीचे होते. दरवर्षी नाताळला घरी यायचे.’’ तेथे ओळख भरपूर होती, हिशेब मात्र कोणी पाहिला नव्हता. वार्षिक सभेची सूचना तिला येत असे, आणि ती देवघराच्या फळीवर न वाचता ठेवली जात असे. पुढची सहा वर्षे तिने हेलपाटे घातले. मुद्दलाचा थोडा भाग हाती आला, तोवर गुडघ्यांची शस्त्रक्रिया करण्याचे वय निघून गेले होते.

वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसते, म्हणून येथे सांगून ठेवतो. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारास एका बँकेमागे पाच लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नाही. सारख्याच पाट्या, सारखीच टेबले, दारावर येणारा पिग्मी एजंटही तसाच. पण संकटाच्या दिवशी दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पतसंस्था वाईट असतात असे मुळीच नाही. ज्या कष्टकऱ्याला बँकेच्या पायरीचीही भीती वाटते, त्याला तिनेच हात दिलेला आहे. परंतु तेथे राखणदार एकच, आणि तो म्हणजे सभासद.

कोल्हापूरची ही पेठ राजाच्या दूरदृष्टीने वसली, आगगाडीने वाढली, गुळाने पोसली. टिकली मात्र ती आपल्या नावावरची बाकी चुकती करणाऱ्या आणि दुसऱ्याच्या वहीत डोकावण्याचे धैर्य दाखवणाऱ्या साध्या माणसांमुळे. आमच्या कुटुंबांतून तरुण मुले-मुली आज बँकांत नोकरीला लागत आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. त्यांच्या आईवडिलांना एकच विनंती. सप्टेंबर महिन्याच्या आसपास तुमच्या संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना घरी येईल. सोबत ताळेबंद असेल. तो घरातील शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या, थकबाकीचा आकडा बोट ठेवून विचारा आणि सभेला जा. चहा-बिस्किटे घेऊन परतण्यापूर्वी उभे राहून एक तरी प्रश्न विचारा.