जठारपेठेतला बाक

अकोल्याच्या जुन्या शहरातून निघालं की मोर्णा नदीचा पूल लागतो. मागे असदगडाचे बुरूज राहतात, पुढे ताजनापेठेची गर्दी, टिळक रोडवरची दुकानं. आणखी पुढे गेलं की रस्ते रुंद होतात, घरांपुढे कडुनिंबाची झाडं दिसू लागतात. रामदासपेठ मागे टाकून आपण जठारपेठेत येतो. बैदपुरा किंवा अकोट फैलात वाढलेल्या आमच्यासारख्यांना ही वस्ती लहानपणी परगाव वाटायची. इथं डॉक्टरकडे यायचं, शिकवणीला यायचं आणि काम झालं की परत फिरायचं. थांबायचं कारणच नसायचं.

आता आम्ही थांबतो. कारण क्रिकेट.

सकाळी सहा-साडेसहाला जठारपेठेत उभे राहा. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसला जातो, म्हणून सगळा सराव उन्हाच्या आत उरकावा लागतो. पाठीवर स्वतःच्या उंचीएवढी किटबॅग घेतलेली पोरं सायकलीवरून, वडिलांच्या स्कूटरवरून निघालेली दिसतात. नऊ वाजता तीच पोरं लाल चेहऱ्यांनी परततात, चहाच्या टपरीसमोरच्या लाकडी बाकावर दाटीवाटीने बसतात आणि आलूबोंड्यावर तुटून पडतात. त्यांच्याशेजारी सकाळचा फेरफटका संपवून आलेले निवृत्त मास्तर, बँकवाले आणि आमच्यासारखे पुलापलीकडून पोरांना सोडायला आलेले बापलोक बसतात. "या चाचा, सरका बे पोट्टेहो, चाचाले जागा द्या," असं म्हणत कुणीतरी जागा करून देतं. मग सुरू होतात विदर्भाच्या संघाच्या गोष्टी.

गंमत अशी, की या बाकावर धावा आणि बळी यांचा हिशेब कमीच होतो. खेळाडू माणूस म्हणून कसा आहे, कोण गप्प, कोण खोडकर, कोण कुणाच्या पाठीवर हात ठेवतो, यावरच बोलणं रंगतं. अमेरिकेत राहणारे आमचे एक नातेवाईक सांगत होते, की तिकडे बेसबॉलचंही असंच असतं. तिथला संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो. इतके दिवस मैदानाकाठच्या खोलगट छपरीत एकत्र बसणाऱ्या माणसांची थट्टामस्करी पाहायला लोक सामन्याइतकेच उत्सुक असतात. त्या छपरीला डगआउट म्हणतात. आयपीएलमुळे तो शब्द आपल्याकडेही रुळला. जठारपेठेत मात्र त्याला सरळ 'बाक' म्हणतात.

विदर्भाचा बाक फार वर्षं उदास होता. हा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतो. जवळजवळ साठ वर्षं अंतिम फेरी म्हणजे मुंबई, दिल्ली, कर्नाटकवाल्यांची गोष्ट, आपण फक्त वर्तमानपत्रात वाचायची. ते चित्र २०१७-१८ मध्ये पालटलं. चंद्रकांत पंडित यांच्यासारखा कडक शिस्तीचा प्रशिक्षक होता. नागपूरचा फैज फजल कर्णधार होता. भारतासाठी एकच एकदिवसीय सामना खेळायला मिळालेला हा माणूस; २०१६ मध्ये हरारेला त्यात नाबाद ५५ धावा केल्या, पण पुन्हा बोलावणं आलं नाही. त्याची कुरकूर मात्र कधी ऐकू आली नाही. सोबतीला मुंबईहून आलेला वसीम जाफर होता. बेस्टच्या बसचालकाचा मुलगा, भारतासाठी कसोटी खेळलेला, चाळिशीला टेकलेला. आधीच्या मोसमात दुखापतीमुळे खेळता आलं नव्हतं, म्हणून या मोसमात त्याने संघाकडून मानधन घेतलं नाही. घेतलेल्या पैशाचं काम राहिलं होतं, ते आता करतो, एवढा साधा हिशेब. आमच्या घरी दादीला क्रिकेटमधलं काही कळायचं नाही, पण हे ऐकून ती म्हणाली होती, "हलाल की कमाई इसे कहते हैं."

उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकवर विदर्भाने अवघ्या ५ धावांनी मात केली. इंजिनिअरिंग शिकलेल्या रजनीश गुरबानीने शेवटच्या डावात ७ बळी घेतले. अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ ला इंदूरमध्ये दिल्लीशी सुरू झाला. तेव्हा उमेश यादव भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला गेलेला. अशा वेळी संघात आला आपल्या अकोल्याचा आदित्य ठाकरे. नाव ऐकून मुंबईचं राजकारण आठवू नका. हा आमचा वेगवान गोलंदाज. वय एकोणीस. आयुष्यातला पहिला प्रथम श्रेणी सामना, आणि तोच रणजीचा अंतिम सामना!

जठारपेठेच्या बाकावर आजही त्या सामन्याबद्दल बोलताना गुरबानीची हॅटट्रिक दुसऱ्या क्रमांकावर येते. पहिला प्रश्न असतो, "त्या पोट्ट्याले कोनं सांभाळलं असन?" एकोणीस वर्षांच्या पोराच्या एका बाजूला जाफर, दुसऱ्या बाजूला फजल. एवढे बुजुर्ग आजूबाजूला असताना पोराला भीती वाटेल की धीर येईल, हे त्या बुजुर्गांच्या वागण्यावर ठरतं. आदित्यला धीर आला असावा, कारण त्याने नवा चेंडू हातात घेतला आणि नीट टाकला. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ ९ गडी राखून जिंकला. विजयाचे फटके जाफरच्या बॅटमधून आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत आदित्यला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडला बदली खेळाडू म्हणून बोलावणं आलं. अकोल्यात त्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी हेच होतं.

पुढच्या वर्षी विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला. त्या मोसमात जाफरने हजारावर धावा केल्या. दहा रणजी अंतिम सामने खेळला आणि दहाही जिंकला, असा हा माणूस. त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, इराणी करंडकही आला. पुलवामाचा हल्ला नुकताच झालेला. फैज फजलने जाहीर केलं, की बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबांना जाईल. आमच्या मोहल्ल्यात त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्यांच्या माना ताठ झाल्या होत्या, हे सांगायला हवं. कर्णधार एकटा असा निर्णय जाहीर करतो तेव्हा त्यामागे अख्खा बाक उभा असतो.

अकोल्याला फक्त एकाच आदित्यावर थांबायचं नव्हतं. अकोला क्रिकेट क्लबच्या पोरांमध्ये दर्शन नळकांडे आहे, ज्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकविरुद्ध सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात चार चेंडूंत चार बळी घेतले. अथर्व तायडे आहे, डावखुरा सलामीवीर. अमरावतीचा जितेश शर्मा आहे, यष्टिरक्षक आणि तडाखेबाज फलंदाज. अमरावतीचीच भारती फुलमाळी आहे, जी २०१९ मध्ये भारतासाठी खेळली आणि मग संघाबाहेर गेली. देशांतर्गत क्रिकेट खेळत राहून ती महिलांच्या प्रीमियर लीगमध्ये गुजरातच्या संघात परतली. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबईविरुद्ध तिने २५ चेंडूंत ६१ धावा कुटल्या, तेव्हा आमच्या घरातल्या मुलींनी आरडाओरडा करून शेजारी जागे केले. सामना हरला तरी चालेल, पण तिला बाहेर बसवू नका, असं त्यांचं म्हणणं.

आता ज्या दिवसांची आठवण सांगायची आहे ती २०२३ च्या मे महिन्याची. १३ मेच्या रात्री अकोल्यात दंगल झाली. जुन्या शहरात दगडफेक, जाळपोळ झाली, एक जीव गेला, जमावबंदी लागली. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. मोर्णेचा पूल तोच होता, पण त्याची लांबी वाढल्यासारखी वाटत होती. सकाळचा सराव बंद, किटबॅगा पलंगाखाली. पोरांना घराबाहेर पाठवायला आमचा जीव धजत नव्हता, आणि पुलापलीकडच्या आयांचाही धजत नसणार.

चारच दिवसांनी, १७ मेला, धरमशालेत पंजाब आणि दिल्लीचा सामना होता. पंजाबच्या संघात अथर्व तायडे आणि जितेश शर्मा दोघेही. एक अकोल्याचा, एक अमरावतीचा. शेजारच्या जिल्ह्यांची दोन पोरं एकाच बाकावर. अथर्वने ४२ चेंडूंत ५५ धावा केल्या. पण धावांची गती वाढवायची होती, तेव्हा पंधरा षटकांनंतर त्याला परत बोलावण्यात आलं. अशा वेळी फलंदाज 'निवृत्त बाद' धरला जातो. विरोधी कर्णधाराच्या संमतीशिवाय पुन्हा खेळायला येता येत नाही. अर्धशतक ठोकून, धड बाद न होता, सगळ्या देशासमोर निमूट चालत परत यायचं. आणि त्याच्या जागी कोण गेलं? आपला जितेश. तो शून्यावर बाद झाला. पंजाब १५ धावांनी हरला.

आमच्या घरी सगळे हळहळले. कुणी म्हणालं, अन्याय झाला. कुणी म्हणालं, अथर्व असता तर जिंकलो असतो. पण आमचा बारा वर्षांचा भाचा वेगळंच बघत होता. त्याला धावा नव्हत्या बघायच्या, बाक बघायचा होता. ज्याला उठवलं तो आणि ज्याला त्याच्या जागी पाठवलं तो, हे दोघे आता शेजारी बसतील का, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्या आठवड्यात आमच्या शहरापुढेही हाच प्रश्न होता. त्याला उत्तर द्यायला आमच्यापैकी कुणाची जीभ रेटली नाही.

उत्तर पुढच्या काळात हळूहळू मिळालं. अथर्व आणि जितेश त्यानंतरही विदर्भासाठी एकत्र खेळले. जितेशने २०२५ मध्ये बंगळुरूच्या संघाकडून लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या आणि पुढे त्याच्या संघाने आयपीएल जिंकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला इराणी करंडकात अथर्वने १४३ धावा केल्या आणि विदर्भ पुन्हा विजेता ठरला. एकाच्या शून्याचा दुसऱ्याने हिशेब मांडला नाही.

इकडे जठारपेठेतही किटबॅगा पलंगाखालून बाहेर आल्या. आधी दोन पोरं आली, मग चार. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सरावाला उशीर झाला म्हणून सगळ्यांना सारख्याच फेऱ्या मारायला लागल्या. पोरांना समेट घडवायची भाषणं येत नाहीत. एकाच बाटलीतून पाणी प्यायचं आणि एकमेकांना चिडवायचं, एवढंच येतं. त्या वेळी तेवढंच पुरलं. मोठ्यांना मात्र जास्त वेळ लागला. टपरीवरच्या बाकावर पहिले काही दिवस आम्ही उभ्यानेच चहा प्यायलो. मग एका सकाळी त्या निवृत्त मास्तरांनी स्वतः सरकून जागा केली आणि म्हणाले, "बसा चाचा. पोट्टं आज बारावं हाय का खेळते?" आम्ही बसलो.

बाराव्या खेळाडूची या बाकावर मोठी इज्जत आहे. तो पाणी नेतो, बॅट नेतो, ग्लोव्ह्ज बदलून देतो, निरोप पोचवतो. रोज मन लावून सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी दुसऱ्यासाठी धावपळ करायची, ही लहान गोष्ट नाही. घरात दावत असली की जो पोरगा आधी पाहुण्यांना वाढतो आणि सगळ्यांत शेवटी दस्तरखानावर बसतो, त्याच्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तीच ही नजर.

अलीकडची सर्वांत गोड आठवण २०२५ च्या रणजी अंतिम सामन्याची. नागपूरजवळच्या जामठ्याला केरळशी सामना होता. पहिल्या डावात ३ बाद २४ अशी दाणादाण उडाली, तेव्हा दानिश मालेवारने १५३ धावा केल्या आणि करुण नायरने ८६ करून साथ दिली. आपल्या दर्शन नळकांडेने ३ बळी घेतले. पण लोकांच्या नजरा समोरच्या बाकाकडे होत्या. तिथं आदित्य सरवटे बसला होता. विदर्भाचा घरचा फिरकीपटू, २०१९ च्या अंतिम सामन्यात याच मैदानावर ११ बळी घेऊन सामनावीर ठरलेला. आता तो केरळकडून खेळत होता आणि आपल्याच जुन्या सोबत्यांविरुद्ध त्याने ७९ धावा केल्या. जठारपेठेत त्याच्या प्रत्येक चौकाराला लोक आधी डोक्यावर हात मारत आणि मग टाळी वाजवत. मायेचा माणूस दुसऱ्या घरी गेला तरी परका होत नाही, हे त्या टाळ्यांत होतं.

सामना २ मार्चला संपला. त्या दिवशी रमजानचा पहिला रोजा होता. पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. संघाचे प्रशिक्षक होते विदर्भाचेच जुने खेळाडू उस्मान गनी, कर्णधार अक्षय वाडकर. संध्याकाळी इफ्तारच्या थोडं आधी जठारपेठेतून एक डबा पुलापलीकडे आमच्या घरी आला. त्यात पेढे होते. सोबत निरोप, "खजूर झाल्यावर खा."

वाचकहो, अकोल्याला येणं अवघड नाही. मुंबई-नागपूर मार्गावरचं मोठं स्टेशन आहे, विदर्भ एक्स्प्रेस इथं थांबते. पण याल तर थंडीत या, डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा सकाळी धुकं असतं आणि सामने दिवसभर चालतात. पोरांना सोबत आणा, मुलींनाही. कोण किती धावा काढतो ते वर्तमानपत्रात छापून येईलच. तुम्ही मैदानाच्या कडेला बसलेल्यांकडे बघा. बाद होऊन आलेल्याला पाणी कोण देतं, कोण नुसताच शेजारी बसतो, हसवायला कोण जातं, ते पोरांना दाखवा. मग जठारपेठेच्या टपरीवर चहा प्या. बाक लहान आहे, पण सरकलं की जागा होते.