नारोशंकराची घंटा आणि चार आकडे

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावर एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेनं १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्यानं ही घंटा संगणकाच्या पडद्यावर झुलवायची ठरवली. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. “मामा, गणित सगळं लायब्ररी करते. आपण फक्त सांगायचं,” म्हणत त्यानं लॅपटॉप उघडला.

ही लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून, तपासून ठेवलेलं गणित. सी प्लस प्लस भाषेत काम करणारे बरेच जण ‘जीएलएम’ वापरतात, रस्टवाले ‘ग्लॅम’. आत असतात व्हेक्टर, मॅट्रिक्स आणि क्वाटर्निअन. पडद्यावरची घंटा म्हणजे हजारो बिंदू. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात प्रत्येक बिंदूची नवी जागा काढावी लागते.

त्यासाठी चार ओळी, चार स्तंभांची मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, लागते. जग तर लांबी, रुंदी, उंचीचं. मग चौथं कशाला? तीन बाय तीनची मॅट्रिक्स वस्तू फिरवते, लहानमोठी करते, पण जागेवरून हलवू शकत नाही, कारण तिनं कितीही गुणलं तरी शून्य बिंदू शून्यावरच राहतो. म्हणून प्रत्येक बिंदूला शेवटी १ हा आकडा जोडतात आणि सरकवण्याचं काम त्या एकाच्या आधारानं होतं. हे मला फार सुंदर वाटतं. शिवाय प्रोसेसरच्या १२८ बिटांच्या कप्प्यात ३२ बिटांचे बरोबर चार आकडे मावतात आणि चारांचाही गुणाकार एकदम होतो.

पहिल्या दिवशी भाच्यानं घंटा ३० अंशांत कलवली, ती भलतीकडेच तोंड करून उभी राहिली. लायब्ररीला कोन रेडियनमध्ये हवा होता. ३० रेडियन म्हणजे जवळपास पावणेपाच फेऱ्या! ती चूक लगेच सापडली. मग घंटा कडीला लटकून झुलायची सोडून दूरच्या कुठल्या तरी बिंदूभोवती घिरट्या घालू लागली. मी वही घेतली. आधी सरकवून मग फिरवणं आणि आधी फिरवून मग सरकवणं, दोन्ही गुणाकार हातानं मांडले. उत्तरं वेगळी आली. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे त्यानं परीक्षेत लिहिलं होतं; डोळ्यांनी प्रथमच पाहिलं.

तिसरी अडचण मात्र आठवडाभर पुरली. घंटा छान झुलायची, पण दोन-तीन मिनिटांनी कलली की फुगायची आणि सरळ झाली की पुन्हा जशीच्या तशी. भाच्याला संशय लायब्ररीचा.

घंटा कशी वळली आहे हे तो क्वाटर्निअननं, म्हणजे चार आकड्यांच्या संचानं, ठेवत होता. ही कल्पना विल्यम हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याच्या काठानं पत्नीबरोबर चालताना सुचली आणि त्यांनी सूत्र तिथल्या पुलाच्या दगडावर कोरलं. नाशिकच्या होळकर पुलावरून जाताना मला हल्ली ते हमखास आठवतं. संगणकाच्या चित्रांत क्वाटर्निअन रूढ झाले ते केन शूमेक यांच्या १९८५ च्या निबंधानंतर.

या चार आकड्यांची मिळून लांबी कायम १ राहावी लागते. भाच्याचा प्रोग्रॅम सेकंदाला ६० वेळा त्यांच्यात फिरण्याच्या वेगाची छोटीशी भर घालत होता. मी वहीत वर्तुळ काढलं, त्याला स्पर्शिका काढली. स्पर्शिकेवरून टाकलेलं पाऊल कितीही लहान असलं तरी वर्तुळाबाहेरच पडतं. तसंच इथे दर पावलाला लांबी किंचित वाढत होती, म्हणून कललेली घंटा फुगत होती, आणि सरळ असताना ती चूक दिसतच नव्हती! लायब्ररीचं काहीच चुकलं नव्हतं. लांबी पुन्हा १ करणारं फंक्शन तिच्यात होतं. ते कधी बोलवायचं हे आम्हालाच ठाऊक नव्हतं.

याच गणिताचा एक मोठा वापर नाशिकच्याच माणसानं केला आहे. सध्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये असलेले रमेश रासकर इथलेच. ‘शेडर लॅम्प्स’ या २००१ च्या कामात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरनं रंग आणि प्रकाश चढवला. प्रतिकृतीवरचे ओळखीचे बिंदू आणि त्यांच्यावर पडणारे प्रोजेक्टरचे पिक्सेल यांच्या जोड्या लावायच्या. त्यातून तीन बाय चारची मॅट्रिक्स मिळते आणि प्रत्येक रंग कुठे पाडायचा ते ती सांगते. भाच्याला आता थर्माकोलचं नारोशंकर मंदिर करून त्यावर हेच करायचं आहे. जोड्या किमान सहा लागतात, हे या वेळी त्यानं आधी वहीत काढलं.

लांबी १ करणारी ती एक ओळ घालून आम्ही घंटा रात्रभर झुलत ठेवली. सकाळी तिचा आकार तसूभरही बदललेला नव्हता.