ऐकणारें माणूस

गेल्या आषाढांतील एका रविवारीं आमच्या घरची लहानथोर मंडळी १९६१ सालचा एक कोरियन बोलपट पाहावयास बसली होती. ‘पाहुणा आणि आई’ अशा अर्थाचें त्याचें नांव. घरांत सासू व सून, दोघीही विधवा. सुनेची चिमुरडी मुलगी. आणि बैठकीच्या खोलींत उतरलेला, दिवंगत पतीचा एक मित्र. सुनेचें व पाहुण्याचें मन एकमेकांकडे ओढ घेतें. परंतु रूढीपुढें तें सर्व मनांतच राहतें व पाहुणा निघून जातो.

आमच्या आत्याबाईंना विसाव्या वर्षीं वैधव्य आलें. त्या एवढेंच म्हणाल्या, “बोलायचं तरी कुणापाशीं, बाळांनो?”

सुनेची भूमिका करणाऱ्या चोई उन-ही यांचें चरित्र आम्हीं मग मुद्दाम वाचलें. जन्म १९२६ चा. पडद्यावर पदार्पण १९४७ त. या बोलपटाचे दिग्दर्शक शिन सांग-ओक हे त्यांचे पती. भावी सून म्हणून लहान मुलीस सासरीं आणून वाढविण्याच्या चालीवर १९६५ सालीं चोईबाईंनीं स्वतः बोलपट दिग्दर्शित केला. त्या काळीं कोरियांत दिग्दर्शन करणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

पुढें त्यांच्याच आयुष्याची दोरी परक्यांच्या हातीं गेली. जानेवारी १९७८ मध्यें उत्तर कोरियाच्या हस्तकांनीं त्यांना हाँगकाँगहून पळविलें. शिन यांच्याशीं त्यांचा घटस्फोट १९७६ तच झाला होता. त्यांनाही त्याच वर्षीं नेण्यांत आलें. दोघांची गांठ पडली ती १९८३ सालीं. सत्ताधीशांचे पुत्र किम जोंग-इल यांच्या इच्छेनुसार त्यांना तेथें बोलपट करावे लागले. त्यांपैकीं ‘मीठ’ मधील भूमिकेस १९८५ सालीं मॉस्कोंत पारितोषिकही मिळालें.

परंतु उद्यां सुटका झाली तरी ‘तुम्ही आपखुषीनेंच गेलां होतां’ असें लोक म्हणतील, ही धास्ती होतीच. म्हणून हातपिशवींत ध्वनिमुद्रणयंत्र लपवून त्यांनीं किम यांचें बोलणें टिपून घेतलें. १९८६ त व्हिएन्ना येथें दोघांनीं अमेरिकन वकिलातींत आश्रय घेतला. २०१८ सालीं चोईबाई निवर्तल्या.

आपला शब्द खरा मानला जावा म्हणून त्या बाईंनीं जिवावरचें संकट पत्करलें. आमच्या आत्याबाईंस पुरावा नको होता. ऐकणारें माणूस हवें होतें. पन्नास वर्षें त्या आमच्यांत वावरल्या, आणि आम्हीं त्यांना कधीं कांहीं विचारलें नाहीं. त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही त्यांच्यापाशीं जाऊन बसलों. बराच वेळ त्या वाती वळीत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “दिवा जरा बारीक करा, सांगतें.”