आधी तिकीट काढलं, म्हणून महाग पडलं

दिवाळीचं तिकीट महिनाभर आधी काढणाऱ्या माणसाला शहाणा म्हणायचं की भोळा? पोस्ट थोडी मोठी आहे, पण आपल्या बाळापूर, कळमनुरी, हिंगोली पट्ट्यातली लेकरं पुण्याला, चाकणला, रांजणगावला आहेत. त्यांच्या घरच्यांनी तरी वाचा.

माझा भाचा चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. परतीची दोन तिकिटं, त्याचं आणि बायकोचं, त्याने सप्टेंबरच्या शेवटीच काढून ठेवली. नांदेडहून पुणे, रविवार २६ ऑक्टोबरची रात्र, स्लीपर, एका सीटचे २,६०० रुपये. सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून ही घाई. रेल्वे तर साठ दिवस आधी आरक्षण उघडतं आणि पाहता पाहता वेटिंगला जातं. भाऊबीजेच्या संध्याकाळी शेजारच्या पोराने त्याच ट्रॅव्हल्सचं, त्याच रात्रीचं तिकीट काढलं. १,८०० ला! भाचा म्हणाला, "मामा, महिनाभर आधी पैसे दिले ते चुकलं का आपलं?"

असं का होतं ते आधी सांगतो. दिवाळीच्या तोंडावर भाव वर चढवून ठेवायचा, घाबरलेली गिऱ्हाइकं आधीच पकडायची. मग आठवडाभर आधी जादा गाड्या सोडायच्या. जादा गाडी भरली नाही की ॲपवर भाव खाली. रिकामी सीट पुण्याला नेण्यापेक्षा १,८०० बरे. धंदा म्हणून मला यात वावगं दिसत नाही. पण ज्याने महिनाभर आधी पैसे दिले, त्याने त्या मालकाला एक प्रकारे बिनव्याजी उसनेच दिले ना? त्याच्याकडूनच ८०० जास्त?

"मग रद्द करून नवीन काढायचं," असं कुणीही म्हणेल. हिशोब करून बघू. त्याच्या तिकिटावर प्रवासाच्या तीन दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास १५ टक्के कपात होती, म्हणजे सीटमागे ३९०. नवं तिकीट १,८००. दोन्ही मिळून २,१९०. सीटमागे ४१० वाचतात, दोघांचे ८२०. कागदावर फायदा आहे. पण आधी जुनं रद्द करायचं नाही, आधी नवं काढायचं, नाहीतर दोन्हीकडून जायची पाळी. म्हणजे खिशात लगेच ३,६०० पाहिजेत. रद्द केलेल्याचे ४,४२० खात्यावर यायला पाच-सात दिवस. भाऊबीज झालेल्या संध्याकाळी कंत्राटी कामगाराच्या खिशात ३,६०० रुपये मोकळे असतात का? ज्याच्याकडे असतात, त्याला ८२० चं एवढं पडलेलं नसतं.

मी ट्रॅव्हल्सच्या एजंटाला फोन लावला. आधी म्हणाला, "दादा, तिकीट निघालं की विषय संपला." मग नाव सांगितलं, कुठे लिहितो ते सांगितलं. तेव्हा पुढच्या तिकिटात सीटमागे ४०० कमी करायला तयार झाला. म्हणजे पैसे परत नाहीतच, पुन्हा आमच्याच गाडीत बसा. आणि हेही पत्रकाराचा फोन गेला म्हणून. त्याच गाडीतल्या, आधी तिकीट काढलेल्या बाकीच्यांचं काय?

अमेरिकेत समुद्रावरच्या क्रूझच्या सहली लोक वर्षभर आधी बुक करतात. थोडी अनामत भरायची, बाकीची रक्कम निघण्याच्या दोन-तीन महिने आधी. तोवर भाडं उतरलं आणि गिऱ्हाइकाने सांगितलं, तर तिथल्या बऱ्याच कंपन्या नव्या भावाने बिल करून देतात. आपणहून कुणी देत नाही, मागावं लागतं. पण मागितलं तर हसत नाहीत. चैनीच्या बोटीला जे जमतं ते कामावर परतणाऱ्याच्या गाडीला का जमू नये?

आपल्याकडे सरकारी गाड्यांचंही चित्र मजेशीर आहे. २०२२ च्या दिवाळीत एसटीने २१ ऑक्टोबरपासून महिनाअखेरपर्यंत १० टक्के हंगामी वाढ केली. ज्यांनी आधीच आरक्षण केलं होतं त्यांनी फरकाची रक्कम गाडीत वाहकाकडे भरायची होती. रेल्वेनेही जून २०१४ च्या भाडेवाढीत आधी तिकीट काढलेल्यांकडून फरक घेतला. म्हणजे फरक ही चीज यांना माहीत आहे, मोजता येते, वसूलही करता येते. भाडं उतरलं की मात्र गणित विसरतात. जुलै २०२३ मध्ये रेल्वेने निम्म्याहून जास्त रिकाम्या जाणाऱ्या गाड्यांच्या एसी चेअर कारला २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा दिली. त्याच आदेशात लिहिलं होतं की आधी बुकिंग केलेल्यांना परतावा मिळणार नाही. चार्ट लागल्यावर उरलेल्या सीटवर १० टक्के सूट तर २०१७ पासून आहे. उशिरा येणाऱ्याला सूट!

चांगलं झालं तेही सांगायला हवं. १ जुलै २०२५ ला रेल्वेचं भाडं वाढलं, तेव्हा आधीच्या तिकिटांवर फरक घेतला नाही. त्याच तारखेपासून एसटीने १५० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला, आगाऊ आरक्षण करणाऱ्या पूर्ण तिकिटाच्या प्रवाशाला १५ टक्के सूट सुरू केली. आधी येणाऱ्याला मान देणारी ही पहिली योजना मला आवडली. फक्त दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत ती लागू नाही. आणि महिलांचं अर्धं तिकीट पूर्ण तिकिटात मोडत नाही. यंदाच्या दिवाळीलाही एसटीची १० टक्के वाढ जाहीर झाली होती. मराठवाड्यातला पूर बघून ती मागे घेतली, हे बरं केलं. सोयाबीन पाण्यात गेलेल्या घरातून आणखी काय काढणार होते?

आता ट्रॅव्हल्सवाल्यांबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं की त्यांच्या भाड्याला काही नियमच नाही. आहे. २७ एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आहे. एसटीच्या तशाच प्रकारच्या गाडीचं जे भाडं असेल, त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे साधी बस असेल तर साध्याशी, एसी स्लीपर असेल तर तशाच एसटीशी तुलना करायची. बसस्थानकावर विचारा, दीडने गुणा, आपलं तिकीट शेजारी ठेवा. पण हा नियम वरची मर्यादा सांगतो. मर्यादेच्या आत महिनाभर आधी जास्त घेतले आणि नंतर उतरवले, तर फरकाचं काय, यावर त्यात काही नाही. नेमकं तेच मागायचं आहे. दिवाळीच्या काळात एकाच गाडीचं भाडं उतरलं तर आधीच्या तिकिटाचा फरक परत, नाहीतर किमान रद्द करण्याची कपात माफ. ॲपवर प्रत्येक तिकिटाची वेळ, तारीख, रक्कम नोंद असते. मालकाला हे कळत नाही असं नाही.

ज्यांची पोरं २४ ते २७ ऑक्टोबर या दिवसांत नांदेड किंवा हिंगोलीहून पुण्याला गेली, त्यांनी तिकिटाचा स्क्रीनशॉट मला इनबॉक्समध्ये पाठवा. फोन नंबर झाका, तिकीट काढल्याची तारीख आणि रक्कम दिसू द्या. दहा-पंधरा जमली की हिंगोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात एकत्र अर्ज देऊ. पोच घेतली की इथेच टाकतो. भाच्याची दोन तिकिटं त्यात पहिली आहेत.