पाकातले दाणे

घरी मराठी, वर्गात हिंदी, असे आमचे सौंसरचे विद्यार्थी. विज्ञानाचा एकेक शब्द त्यांना दोनदा भेटतो. ‘बहुलक’ म्हणजेच ‘बहुवारिक’, ‘ऊष्मीय वियोजन’ म्हणजेच ‘औष्णिक अपघटन’. मला यात तोटा कधी वाटला नाही. म्हणूनच पुण्यात संशोधन करणारी माझी एक माजी विद्यार्थिनी सुटीत येऊन म्हणाली, “सर, मी काय करते ते बाबांना मराठीत सांगताच येत नाही,” तेव्हा मला राहवले नाही. तिचे वडील संत्र्याचे बागाईतदार, शिक्षण मराठी चौथी. त्यांच्याच ओसरीवर बैठक मारली.

विषय होता प्लास्टिकच्या पोटात धातूचे अब्जांश कण घडवण्याचा. मी म्हटले, “भाऊ, चांदी कुटून एवढी बारीक होत नाही, झाली तरी कण एकमेकांना चिकटतात. म्हणून चांदीचा क्षार प्लास्टिकच्या द्रावणात विरघळवायचा, त्याचा पातळ थर वाळवायचा आणि तापवायचा. उष्णतेने क्षार फुटतो, बाकीचा भाग वाफ होऊन जातो, चांदीचे अणू मागे राहतात. ते एकत्र यायला बघतात, पण भोवतालचे घट्ट प्लास्टिक त्यांना फार सरकू देत नाही. पातळ पाकात दाणे तळाशी गोळा होतात, चिक्कीच्या पाकात जिथल्या तिथे राहतात, तसे.” असा कण दहा-वीस नॅनोमीटरवरच थांबू शकतो, आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड! आणि ही चांदी दिसते पिवळी, कारण एवढे लहान कण जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात.

भाऊंनी सुपारी कातरता कातरता विचारले, “पन गुरुजी, चांदी सुटेपर्यंत पिलास्टिक नाई जळत काय?”

पोरीने चमकून वर पाहिले. तिचे अख्खे वर्ष याच प्रश्नात गेले होते! क्षार फुटायला हवा, पण प्लास्टिक बिघडण्याच्या आत. पुढचे तीच सांगू लागली, अर्धे हिंदीत, अर्धे मराठीत. पॉलिइमाइड 300 अंशही सोसते, म्हणून ते सोयीचे. पुण्याच्याच सी-मेट संस्थेत तर पॉलिफिनिलिन सल्फाइड हे गंधक असलेले प्लास्टिक कॅडमियमच्या क्षाराबरोबर सुमारे 285 अंशांवर, म्हणजे ते वितळते तिथपर्यंत, तापवले गेले. गंधक त्या प्लास्टिकनेच पुरवला आणि कॅडमियम सल्फाइडचे अब्जांश कण तयार झाले.

“मंग एवढं बारीक करून फायदा काय?” भाऊंचा पुढचा प्रश्न.

ती चांदीने जंतू कसे मरतात ते सांगू लागली. माझ्याकडे आता कोणाचेच लक्ष नव्हते. मी चपला पायात सरकवल्या.