तीन-तीन गाड्या कशाला?

पुण्यात तीन पोर्शे, वारणानगरात तीन यामाहा. प्रश्न दोन्हीकडे सेम. उत्तर मात्र मामांच्या अंगणात सापडलं...

खरं सांगू? मला गाड्यांमधलं फारसं कळत नाही. पण फ्रीलान्सिंग करताना ‘मला कळत नाही’ हे वाक्य उच्चारायचं नसतं. त्यामुळे संपादकांचा फोन आला, ‘एकाच टाइपच्या तीन स्पोर्ट्स कार बाळगणारा एक माणूस आहे, जरा भेटून ये,’ तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या गूगल उघडलं.

माणूस पिंपरी-चिंचवडकडचा उद्योजक. नाव छापायचं नाही, या अटीवर बोलायला तयार झालेला. बेसमेंटमध्ये तीन पोर्शे उभ्या. दोन 911 आणि एक केमन. रंग सोडले तर मला तिन्ही सारख्याच दिसत होत्या. मग मीही सगळे विचारतात तोच प्रश्न विचारला, ‘एवढ्या पैशात एक पोर्शे, एक जीप आणि एक फ्लॅट आला नसता का? सेम टू सेम तीन कशाला?’

‘सेम कुठे आहेत?’ ते हसून म्हणाले आणि पुढचा पाऊण तास त्यांनी माझी शिकवणी घेतली. 911 चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून ही खोड तशीच आहे. वळणातून बाहेर पडताना मागचं वजन टायर रस्त्यावर दाबून धरतं, मस्त ग्रिप मिळते. पण वळणाच्या मध्येच घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललात, तर तेच वजन गाडीचं शेपूट बाहेर फेकू बघतं. केमनचं इंजिन सीटच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे. त्यामुळे ती वळणात भोवऱ्यासारखी सहज फिरते. दोन 911 पैकी जुनी ‘997’ पिढीची, नवी ‘991’ पिढीची. 2011 मध्ये आलेल्या 991 मध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 100 मिलिमीटरने वाढलं आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग जाऊन इलेक्ट्रिक आलं.

‘नवी जास्त फास्ट आहे, जास्त सेफ आहे,’ ते म्हणाले, ‘पण जुनीच्या स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. एकच गाडी असती ना, तर मला वाटलं असतं स्टिअरिंग असंच असतं. दुसरी शेजारी आली, तेव्हा पहिली कळली.’

वाक्य भारी होतं. मी डायरीत लिहिलं, अंडरलाइन केलं आणि मनात म्हटलं, श्रीमंतांचे चोचले!

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. ‘तिनातल्या दोन गाड्या काढायच्या म्हणतोय. कुठल्या काढायच्या ते तू येऊन ठरीव.’

मामांचं गॅरेज

मी वारणानगरची. पुण्याहून कोल्हापूरला जाताना वाठार फाट्याला हायवे सोडला की उसाच्या फडांमधून रस्ता आमच्या गावाला जातो. पुण्या-मुंबईच्या लोकांना वारणा म्हटलं की श्रीखंडाचा डबा आठवतो. आमच्यासाठी वारणा म्हणजे तात्यासाहेब कोरेंच्या साखर कारखान्याभोवती उभं राहिलेलं अख्खं जग. दूध संघ, वारणा बझार, शाळा-कॉलेजं, आणि हो, बालवाद्यवृंदसुद्धा. मामा आयुष्यभर वर्कशॉपमध्ये टर्नर. लेथवर काहीही बनवून देतील असा लौकिक.

आणि कोल्हापूर जिल्हा म्हणजे गाडीवेड्यांचा जिल्हा. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक आली की माणसं माना उंच करून बघतात. शहराजवळ मोहितेंचा रेसिंग ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात. इंजिन बोअरिंग करायचं तर उद्यमनगर आहेच. अशा मातीत मामांकडे तीन यामाहा असणं फार नवलाचं नव्हतं. नवल एवढंच, की तिन्ही आरएक्स!

पहिली 1988 ची आरएक्स 100, मामांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली. दुसरी 2001 ची आरएक्स 135, फाइव्ह स्पीड. ती मामांनी ‘मला पाचवा गियर बघायचा होता’ एवढ्याच कारणासाठी घेतली, असं मामी अजून सांगते. आणि तिसरी 1995 ची आरएक्स 100. ती माझ्या पप्पांची.

पप्पा 2008 साली गेले. हार्ट अटॅक. मी अकरा वर्षांची होते. आईला ती गाडी दारात बघवेना, म्हणून मामा ती आपल्याकडे घेऊन गेले. मी अठराची झाले, लायसन्स आलं, तेव्हा मामांनी तीच माझ्या हातात दिली. बारावीनंतरचं ते वर्ष मी गावभर ती उडवली. म्हणजे, मला तरी वाटत होतं की उडवली. बाकीच्या दोन गाड्यांना मात्र हात लावायची परवानगी नव्हती. ‘तुझी ही. त्या दोन माझ्या,’ विषय संपला.

आता विकायचं कारण म्हणजे मामांचा उजवा गुडघा. आरएक्सला बटनस्टार्ट नाही, किकच मारावी लागते आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. त्यात 2025 मध्ये जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची धावपळ सुरू झाली. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, ग्रीन टॅक्स, हे सगळं गुणिले तीन. बेंगळुरूची एक पार्टी कुठल्याही दोन गाड्या उचलायला तयार होती. जुन्या आरएक्सला आज असा भाव आहे, की मामींना पहिल्यांदाच या भंगाराबद्दल आदर वाटायला लागलाय!

टेस्ट राइड

मी ठरवलं, भावनाबिवना बाजूला. पोर्शेवाल्या काकांसारखी रीतसर तुलना करायची. रस्ता एकच, कोडोलीतून जोतिबाच्या डोंगराकडे चढायचं आणि परत. पेट्रोल एकाच पंपाचं. पिकअप, ब्रेक, आवाज, आराम, प्रत्येकी दहा मार्क. डोक्याला हेल्मेट, खिशात डायरी.

निघण्याआधी मामांनी थिअरी सांगितली. आरएक्स 100 भारतात आली 1985 च्या अखेरीस, 1996 मध्ये बंद झाली. इंजिन 98 सीसी, ताकद 11 हॉर्सपॉवर, वजन जेमतेम 103 किलो. त्याच वर्षी आलेल्या शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक हीरो होंडाची ताकद होती साडेसातच्या आसपास. फरक का? फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. ‘आन् सायलेन्सर म्हंजे नुसती नळी न्हवं,’ मामा म्हणाले, ‘आतनं परत येणारी हवेची लाट बाहेर चाललेलं पेट्रोल पुन्हा आत ढकलती. म्हणून कार्बन साठला की गाडी मरती.’ तरी थोडं पेट्रोल न जळता बाहेर जातंच, ऑइलचा धूर होतोच. म्हणून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा या गाड्यांचा काळ संपला. आरएक्स 135 सुद्धा 2005 पर्यंतच टिकली.

आधी 88 ची घेतली. ऊसतोडीचा सीझन, रस्त्यात ट्रॅक्टर आणि त्याला दोन-दोन ट्रेलर. ओव्हरटेक करायला मूठ पिळली आणि मला शॉक बसला. गाडी पळाली, ते सोडा. शॉक मुठीचा होता. जिथे ती थांबायला हवी होती, तिथे ती थांबलीच नाही. पुढे वळतच राहिली... आणि इंजिनाचा सूर एकदम वर चढला, जणू कुणी मागून ढकललं. ट्रेलर मागे पडला तेव्हा कळलं, आपण श्वास रोखून धरलाय.

135 तर अजून वेगळी. 100 चिमणीसारखी, सतत टिवटिव, सतत गियर बदला. 135 ला खालूनच दम आहे. चढाला तिने 100 पेक्षा एक गियर कमी बदलायला लावला आणि सपाटीला पाचव्यात ती शांतपणे पळत राहिली. ब्रेक मात्र दोघींचे ड्रम, दोघींचे बेताचे. मोकळी सोडली तरी टू-स्ट्रोक फारशी आवरत नाही, म्हणून ट्रेलर दिसला की ब्रेकचा विचार आधी करायचा.

शेवटी पप्पांची. बसल्या बसल्या सीट ओळखीची, आरसा ओळखीचा. पण तोच चढ, तोच ट्रेलर, आणि मूठ अर्ध्यावरच टक्क थांबली. साठाच्या आसपास काटा जणू खिळला. मॉडेल तेच, वय सात वर्षांनी कमी, आणि तरीही ही त्या म्हातारीच्या निम्मीसुद्धा नाही!

अंगणात येऊन मी मार्क मांडले. 135 ला तेहेतीस, 88 ला एकतीस, पप्पांच्या गाडीला एकवीस. रिझल्ट जाहीर करताना घसा थोडा दाटला, पण प्रोफेशनल म्हणून सांगून टाकलं, ‘मामा, वाईट वाटतंय, पण पप्पांची काढा. तिच्यात आता दम नाही.’

मामा काहीच बोलले नाहीत. बसल्या जागेवरून हात लांब करून त्यांनी कार्बोरेटरचं टोपण फिरवलं, केबलसकट स्लाइड बाहेर ओढली आणि मधली एक पितळी नळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या पेराएवढी. लेथवर सुबक कातलेली.

‘हा तुझ्या गाडीचा दम,’ मामा म्हणाले.

त्या नळीमुळे स्लाइड पूर्ण वर उचललीच जायची नाही. मूठ अर्ध्यावर अडायची आणि इंजिनाला लागेल तेवढी हवा-पेट्रोल मिळायचंच नाही. 2015 मध्ये, माझं लायसन्स आलं त्या दिवशी, ती बसवलेली.

‘का?’

‘तुझी आई आलती. म्हणाली, दादा, घरातला एक माणूस गेलाय. पोरीला गाडी नको म्हणवत न्हाई, बापाची हाय. गाडी दे, पण अर्धीच दे.’ मामांनी हात पुसले. ‘दर वाढदिवसाला थोडी थोडी कापणार होतो. पर तू पुण्याला गेलीस.’

दहा वर्षं! दहा वर्षं मी अर्ध्या गाडीला गाडी समजत होते. कॉलेजची पोरं मला मागे टाकून जायची तेव्हा ‘जुनी आहे ना’ म्हणून सोडून द्यायचे. त्याहून वाईट म्हणजे, पप्पांच्या वेगाचे किस्से मला कधी पटलेच नव्हते. पप्पा चहा गरम असेपर्यंत कोल्हापूरहून घरी यायचे, पप्पांनी अमक्याला चढावर मागे टाकलं... मी जर्नलिझम शिकलेली मुलगी, मी ते सगळं ‘गावगप्पा’ या फोल्डरमध्ये टाकून दिलं होतं. कारण ती गाडी मी स्वतः चालवली होती. मला माहीत होतं ती किती पळते!

आणि पोर्शेवाल्या काकांचं अंडरलाइन केलेलं वाक्य आठवलं. दुसरी शेजारी आली, तेव्हा पहिली कळली. चोचले वगैरे काही नव्हतं ते. मला 88 ची मूठ हातात आली नसती, तर मी पप्पांची गाडी बेंगळुरूला पाठवून मोकळी झाले असते.

मामांनी टोपण लावलं. ‘जा, फिरीव एकदा.’

त्या राइडबद्दल फार लिहीत नाही. पन्हाळ्यामागे सूर्य गेला होता, रस्त्यावर उसाचा वास होता, आणि मूठ पुढे वळली. एवढंच. परत येताना आमच्या घरावरून आले, तर आई दारात उभी.

‘काढली वाटतं नळी,’ ती म्हणाली.

‘तुला कसं कळलं?’

‘तेरा वर्षं ऐकलाय तो आवाज. कॉलनीच्या वळणावर आला की मी चहा टाकायची.’

मग दोघी पायरीवर बसलो. चहा टाकायचं मात्र दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

शेवटी बेंगळुरूच्या पार्टीला एकच गाडी मिळाली, सर्वाधिक मार्कांची 135. मामांची 88 ची घरीच राहणार, किक मारायला शेजारचा पोरगा एका पायावर तयार आहे. नंबरप्लेटचे फॉर्म मी दोनच भरले. पितळी नळी माझ्या किचेनमध्ये आहे. आणि पोर्शेच्या लेखातून ‘तीन कशाला?’ हा माझा प्रश्न मी खोडून टाकलाय.

आमच्याकडे बायका-मुलीही ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. पुण्यात पहिल्या वर्षी यावरून माझी इतकी थट्टा झाली, की मी ते बोलणंच सोडलं होतं. त्या रविवारी गाडी मामांकडे सोडायला निघाले, तर आई मागून म्हणाली, ‘आता अख्खी दिलीय. जपून.’

मी किक मारली आणि म्हटलं, ‘व्हय. जातो.’